पडद्यावर दिसते, डिस्कवर नसते

दवाखान्यात काउंटरच्या मागे भिंतीवर एक पडदा असतो. त्यावर चार चौकोन: दार, पेशंटची बाकडी, औषधांचे कपाट, जिना. माणसे ये-जा करताना त्यात दिसतात, म्हणून कॅमेरे चालू आहेत असे सगळे धरून चालतात. मग एखाद्या दिवशी बिलावरून आवाज चढतो, काचा फुटतात, पोलीस येतात आणि फुटेज मागतात. रेकॉर्डर उघडल्यावर कळते की शेवटचे चित्रण तीन महिन्यांपूर्वीचे आहे.

यात चमत्कार काही नाही. कॅमेऱ्याकडून आलेले चित्र पडद्यावर दाखवणे आणि ते डिस्कवर उतरवणे ही रेकॉर्डरची दोन वेगळी कामे आहेत. डिस्क बंद पडली तरी पहिले काम बिनबोभाट चालू राहते. बहुतेक रेकॉर्डरमध्ये अशा वेळी टीं-टीं वाजण्याची सोय असते. पण पेशंट तपासताना तो आवाज त्रासदायक वाटतो आणि कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करतो. नेमकी ओरडून सांगणारी यंत्रणाच मुकी होते.

डिस्कवर ताणही मोठा असतो. घरच्या संगणकाची डिस्क दिवसातले काही तास काम करते, रेकॉर्डरची मात्र चोवीस तास लिहीत असते. फिरत्या तबकडीपासून लिहिणारे टोक काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते, त्यामुळे उष्णता आणि हादरे तिला सोसत नाहीत. आणि दातांच्या दवाखान्यात रेकॉर्डरला जागा मिळते ती बहुधा बंद कपाटात, फायलींच्या गठ्ठ्याखाली, नाहीतर थरथरणाऱ्या एअर कॉम्प्रेसरच्या शेजारी! पाळतीच्या कामासाठी वेगळ्या बनावटीच्या डिस्क मिळतात. थोडे पैसे वाचवायला साधी डिस्क बसवली, तर ती लवकर दगा देते.

डिस्क धडधाकट असली तरी तिची मर्यादा असतेच. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चित्र पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांची मिळून ८६ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहिले जाऊ लागते. पंधरवड्याने तक्रार आली, तर हातात काहीच उरत नाही.

घड्याळाकडे तर कुणाचेच लक्ष नसते. रेकॉर्डरमधले क्वार्ट्झ घड्याळ दहा लाखांत वीस भागांनी चुकले, तरी महिन्याला जवळपास एक मिनिट पुढे-मागे जाते. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आणि वीज गेली, तर तारीख थेट २००० सालात पोचू शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली, तेव्हा पहाटेच्या चित्रणात गळ्यात इअरफोन अडकवलेला माणूस आत जाताना दिसला आणि पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. अशा तपासात मिनिटांना किंमत असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार चित्रणासोबत प्रमाणपत्र आणि फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा; एक बिट बदलला तरी तो जुळत नाही. पण घड्याळच खोटे असेल, तर अंगठा जुळूनही वेळेचा वाद उरतोच.

महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पुरावाच नसेल, तर त्या कायद्याचा आधार तोकडा पडतो.

कॅमेऱ्याच्या डोळ्याची निगा सोपी आहे. रात्री त्याचे अवरक्त दिवे लागतात, त्यांच्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी. जाळ्यावरून परतलेला प्रकाश सगळे चित्र पांढरेफटक करतो. ॲक्रिलिकचा घुमट स्पिरिटने पुसला, तर त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. ओलसर मऊ फडके पुरे. कोकणच्या दमट हवेत केबलच्या जोडावर हिरवा गंज चढतो, तोही पाहायला हवा.

मात्र सर्वांत जड जबाबदारी याहून वेगळी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले तपासणीचे चित्रण यूट्यूबवर आले आणि टेलिग्रामवर विकले गेले. आजारपणात डॉक्टरांवर विश्वास टाकलेल्या बायकांची ती चित्रे होती. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. तपासात पुढे आलेला पासवर्ड होता ‘ॲडमिन१२३’. अमेरिकेतही मार्च २०२१ मध्ये व्हरकाडा कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत घुसखोर पोचले. त्यांत रुग्णालये होती, मनोरुग्णालयेही होती. तिथे वाट मिळाली ती एका सर्वाधिकारी खात्यामधून.

म्हणून देखभाल म्हणजे केवळ फडके आणि शिडी नव्हे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, रेकॉर्डरचे सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत करायचे, गरज नसेल तर मोबाइलवरून पाहण्याची सोय बंद ठेवायची. कॅमेरे बसवून गेलेल्या टेक्निशियनच्या किंवा नोकरी सोडलेल्या कंपाउंडरच्या फोनमध्ये दवाखाना अजून दिसतो का, हेही विचारायचे. वार्षिक देखभालीच्या करारात ही कामे लिहून घ्यावीत, नाहीतर येणारा माणूस चारही चौकोन दिसतात एवढे पाहून सही घेऊन जातो. तपासणीच्या आणि कपडे बदलण्याच्या खोलीत मात्र कॅमेरा नकोच. असेल तर तो आजच उतरवावा. कितीही चांगला पासवर्ड त्याला योग्य ठरवू शकत नाही.

ज्यांचा दवाखाना आहे, त्यांनी आज शटर ओढण्याआधी एवढे करावे: रेकॉर्डरवर गेल्या आठवड्यातला याच वेळेचा भाग शोधावा, पाच मिनिटे चालवून पाहावा, पेनड्राइव्हवर उतरवावा आणि पडद्यावरच्या चालू चित्राच्या कोपऱ्यातली वेळ स्वतःच्या मोबाइलशी ताडून घ्यावी.