उमि-शिबाउराचे खरे फाटक

योकोहामा शहराच्या त्सुरुमी विभागात उमि-शिबाउरा नावाचे रेल्वे स्टेशन आहे. तिथे गाडीतून कोणालाही उतरता येते, पण स्टेशनाबाहेर पडता येत नाही. एकुलता एक अरुंद फलाट. त्याच्या एका अंगाला कठडा आणि कठड्याखाली थेट कालव्याचे खारे पाणी, दुसऱ्या अंगाला एकेरी रूळ आणि रुळांपलीकडे तोशिबाचा कारखाना. फलाटाच्या टोकाला जी वाट आहे ती कारखान्याच्या फाटकातूनच जाते आणि कंपनीचे ओळखपत्र नसेल तर पहारेकरी तिथूनच परत पाठवतो. जपानमध्ये या स्टेशनाचे मोठे कौतुक आहे. 1997 साली कांतो प्रदेशातल्या निवडक शंभर स्टेशनांच्या यादीत याचे नाव आले. त्याआधी 1994 मध्ये सासानो योरिको यांच्या ज्या कथेला अकुतागावा पुरस्कार मिळाला, तिची नायिका याच स्टेशनाच्या वाटेला लागते. कौतुकाचा सगळा रोख मात्र त्या फाटकावर असतो: सार्वजनिक रेल्वेचे स्टेशन, आणि बाहेरचा रस्ता खाजगी मालकीचा! गंमत आहे खरी. पण फाटकाकडे पाहता पाहता महत्त्वाची गोष्ट नजरेतून निसटते, असे मला वाटते. एखादे स्टेशन कोणासाठी आहे याचा निवाडा दारावरचा पहारेकरी फार थोडा करतो. तो होतो वेळापत्रकात. त्सुरुमी लाइन या छोट्या मार्गाइतका याचा उघड पुरावा दुसरीकडे सापडणे कठीण.

मार्ग छोटा म्हणजे किती? त्सुरुमी ते ओगिमाची हा मुख्य मार्ग 7 किलोमीटरचा, उमि-शिबाउराचा फाटा 1.7 किलोमीटर, ओकावाचा 1 किलोमीटर. सगळे मिळून 10 किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. ज्या जमिनीवर याचा बराचसा भाग आहे, ती जमीनच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्हती. सिमेंटच्या धंद्यात वर आलेल्या आसानो सोइचिरो या उद्योगपतींनी परदेशातली बंदरे पाहिली होती. तिकडे मोठी जहाजे थेट धक्क्याला लागत आणि धक्क्याच्या मागेच कारखाने असत. तशी सोय तोक्यो आणि योकोहामाच्या मध्ये करायची तर उथळ समुद्र बुजवण्याला पर्याय नव्हता. 1913 मध्ये भराव घालायला सुरुवात झाली आणि 1928 पर्यंत सुमारे 500 हेक्टर नवी जमीन तयार झाली. पाठीशी यासुदा झेन्जिरो या बँकमालकांचा पैसा होता. कारखाने उभे राहू लागले तसा कच्चा माल आणायला आणि तयार माल न्यायला रूळ लागले, म्हणून 1926 च्या मार्चमध्ये त्सुरुमी रिन्को रेल्वे ही खाजगी मालवाहू रेल्वे सुरू झाली. प्रवाशांसाठी गाडी सुटली ती 1930 च्या ऑक्टोबरात. मधली साडेचार वर्षे या रुळांवरून कोळसा, सिमेंट आणि लोखंड फिरत होते; तिकीट काढून बसायची सोय नव्हती. गाडीत माणसे बसू लागली आणि पुढच्याच महिन्यात आसानो वारले.

हा क्रम मला निर्णायक वाटतो. बहुतेक रेल्वेमार्ग आधी वस्ती शोधतात किंवा वस्ती येईल या आशेवर टाकले जातात. इथे वस्तीचा विचारच नव्हता. स्टेशनांच्या नावांवर नजर टाकली तरी मालक कोण होते ते कळते. आसानो हे स्टेशन खुद्द आसानोंच्या नावाचे. अंझेन हे यासुदांच्या नावातून घडलेले. ओकावा हे कागद उद्योगातले धनाढ्य ओकावा हेइझाबुरो यांचे. मुसाशि-शिराइशीमागे शिराइशी मोतोजिरो आहेत: आसानोंचे जावई आणि निप्पोन कोकान या पोलाद कंपनीचे पहिले अध्यक्ष. ओगिमाचीच्या नावात आसानो घराण्याच्या मानचिन्हातला पंखा आहे, तर शोवा हे नाव खताच्या कारखान्यावरून आले. देवळाच्या किंवा जुन्या गावाच्या नावाचे स्टेशन हवे असेल तर बेंतेनबाशीसारखे एखाद-दुसरे शोधून काढावे लागते. उमि-शिबाउराची गोष्टही याच साच्यातली. शिबाउरा हा तोक्योतला भाग. तिथल्या शिबाउरा सेइसाकुशो या विजेची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने त्सुरुमीच्या भरावावर कारखाना काढला आणि स्टेशनाच्या नावात तोक्योचा पत्ता इकडे आला. 1932 साली शिन-शिबाउरापर्यंत गाडी आली. 1939 मध्ये या कंपनीचे आणि तोक्यो देन्कीचे विलीनीकरण होऊन आजची तोशिबा जन्मली आणि 1940 च्या नोव्हेंबरात फाटा आणखी पुढे, पाण्याच्या काठापर्यंत गेला. युद्धकाळात, 1943 मध्ये, सरकारने सगळा मार्ग ताब्यात घेतला. रेल्वे सरकारी झाली, 1987 मध्ये ती जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीकडे गेली. फाटक जिथल्या तिथे राहिले, कारण त्यापलीकडे रस्ता असा नव्हताच. आहे तो कारखाना, आणि कारखान्याला कुंपण असते.

आता वेळापत्रक पाहा. उमि-शिबाउराला सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे पाळी भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेला, गाड्या बऱ्यापैकी असतात. दुपारी दोन गाड्यांमध्ये तास-दोन तासांचे अंतर पडते. यात फाटकाचा काहीच संबंध नाही, हे ओकावाकडे पाहिले की पटते. ओकावाला पहारेकरी नाही. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडले की सरळ रस्ता लागतो. पिठाची गिरणी, रसायनांचे कारखाने, मालमोटारी, आणि वाटेल तिकडे जायची मुभा. मात्र कामाच्या दिवशी सकाळची गर्दी ओसरली की संध्याकाळपर्यंत तिथे एकही गाडी जात नाही आणि सुट्टीच्या दिवशी दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दार उघडे असून ओकावा बाहेरच्या माणसाला उमि-शिबाउरापेक्षा जास्त बंद आहे. ज्याची पाळी सकाळी सुरू होते त्याच्यासाठी ते चालू स्टेशन. दुपारी कोणाला भेटायला, कामाची चौकशी करायला किंवा नुसते हिंडायला निघालेल्यासाठी ते नकाशावर असूनही नसल्यासारखे.

ओकावाच्या फाट्याची आणखी एक गंमत आहे. हा फाटा मुसाशि-शिराइशीपाशी मुख्य मार्गापासून सुटतो, आणि तिथले वळण इतके तीव्र की फाट्याच्या फलाटाला 20 मीटर लांबीचे नेहमीचे डबे घासल्याशिवाय जाऊ शकत नसत. म्हणून 17 मीटरचा, युद्धापूर्वीच्या जमान्यातला तपकिरी डबा एकट्याने या फाट्यावर ये-जा करत होता, तोही 1996 पर्यंत. पुढे तो डबा थकला तेव्हा रेल्वेने काय करावे? वळण सरळ करणे शक्य नव्हते, आजूबाजूला कारखान्यांच्या भिंती. फलाटच काढून टाकला. तेव्हापासून ओकावाची गाडी मुसाशि-शिराइशीवरून न थांबता जाते आणि गाडी बदलायची असेल तर एक स्टेशन अलीकडे, अंझेनला बदलावी लागते. मालाच्या सोयीने घातलेले वळण सत्तर वर्षांनी माणसांच्या सोयीवर मात करते, ते असे. अंझेनहून आजही विमानाच्या इंधनाच्या टाक्या लादलेल्या वाघिणी योकोता इथल्या अमेरिकी हवाई तळासाठी रवाना होतात. मालगाडीचा तो मूळ धंदा पुरता संपलेला नाही.

यावर पहिला आक्षेप अगदी साधा आहे. त्या भरावावर कोणी राहत नाही. मग दुपारी रिकामी गाडी फिरवायची कशाला? वेळापत्रक मागणीप्रमाणे आखले गेले, त्यात कोणाला वगळण्याचा हेतू कुठे आला? हेतू नाही, हे मी मान्य करतो. पण मागणी मोजण्याची पद्धतही कुठून तरी आलेली असते. त्सुरुमी स्टेशनवर 2022 च्या फेब्रुवारी अखेरपर्यंत एक अजब व्यवस्था होती: मुख्य जेआर मार्गावरून त्सुरुमी लाइनच्या फलाटावर जाताना मध्येच तिकीट तपासणीचे आणखी एक फाटक लागे. या मार्गाची बाकीची स्टेशने कर्मचाऱ्यांविना चालत, तेव्हा हिशेब त्सुरुमीलाच चुकता करायचा. जवळपास प्रत्येक जण सकाळी त्सुरुमीहून आत जाणार आणि संध्याकाळी त्सुरुमीलाच परत येणार, असे गृहीत धरल्याशिवाय ही व्यवस्था सुचत नाही. दोन मधल्या स्टेशनांमध्येच जा-ये करणारा प्रवासी या रचनेत जवळजवळ अदृश्य होता. ज्याला मोजले जात नाही त्याच्यासाठी गाडी सुटत नाही, आणि गाडी नाही म्हणून तो बस धरतो किंवा स्वतःची गाडी काढतो, मग पुढच्या मोजणीतही तो दिसत नाही. ओकावाच्या दुपारी रिकाम्या आहेत, हे खरे. त्या सगळ्याच आपोआप रिकाम्या झाल्या, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. एका कंपनीच्या दारात संपणारा फाटा सर्वसामान्य प्रवाशांच्या भाड्यातून का चालवायचा? गर्दीच्या मार्गांवरचे उत्पन्न इथे का मुरवायचे? याला उत्तर देताना कामगार हाही प्रवासीच असतो हे विसरून चालत नाही. तोशिबाच्या फाटकातून रोज जाणारा जोडारी किंवा कारकून ‘जनता’ नाही आणि कठड्यापाशी सूर्यास्ताचे फोटो काढणारा पर्यटक तेवढा ‘जनता’, अशी वाटणी करायला आधार काय? शिवाय हे रूळ मुळात खाजगी पैशातून पडले आणि सरकारने ते युद्धाच्या गरजेसाठी घेतले. कारखान्यांनी सार्वजनिक रेल्वेवर कब्जा केला असा इतिहास नाही. तरीही आक्षेपातला एक भाग शिल्लक राहतो. फायदा कारखान्याचा होत असेल तर कारखान्यानेही बाहेरच्यांसाठी काही करावे. ते अल्प प्रमाणात झाले. फलाटावर अडकून पडणाऱ्या हौशी लोकांची संख्या वाढली तेव्हा तोशिबाने आपल्या जागेतला एक चिंचोळा पट्टा काढून 1995 मध्ये उमिशिबा पार्क ही बाग केली. बाकडी, झाडे, समोर पाणी आणि पलीकडे त्सुरुमी त्सुबासा हा तारांवर तोललेला पूल. बागेत जाताना स्मार्ट कार्ड यंत्राला लावायचे, परतताना पुन्हा लावायचे. पहारेकऱ्याशी बोलायची वेळच येत नाही. फाटक न हलवता स्टेशन थोडे खुले झाले. आणि बागेत किती वेळ बसायचे हे कोण ठरवते? पुढची गाडी.

हीच गोष्ट पुढच्या काळात महत्त्वाची ठरणार आहे, कारण ज्या उद्योगांसाठी हा मार्ग पडला ते आकसत आहेत. निप्पोन कोकानची वारस असलेल्या जेएफई स्टीलने शेजारच्या ओगिशिमा बेटावरची ब्लास्ट फर्नेस 2023 च्या सप्टेंबरमध्ये विझवली आणि ती प्रचंड जागा नव्या कामांसाठी, त्यात हायड्रोजनच्या साठवणुकीसाठी, वापरण्याच्या योजना कावासाकी शहराने पुढे आणल्या आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्सुरुमी लाइनवर नवे डबे धावू लागले, म्हणजे रेल्वेला हा मार्ग इतक्यात मोडीत काढायचा नाही. पण नव्या कामांना भोंगा नसेल. प्रयोगशाळेत किंवा गोदामात काम करणारे लोक सकाळी आठला एकदम येऊन पाचला एकदम जात नाहीत. त्यांच्यासाठी गाड्या सकाळ-संध्याकाळच्याच ठेवल्या तर ते रस्त्याने येतील, आणि मग मार्ग तोट्यात आहे म्हणून बंद करा असे म्हणणाऱ्यांना आकडे आयते मिळतील. दुपारच्या दोन गाड्या वाढवायला कुंपण पाडावे लागत नाही, वळण सरळ करावे लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. जेआर ईस्ट तो निर्णय नव्या वेळापत्रकाच्या वेळी एका ओळीत घेऊ शकते.