आपलीच पोथी, आपलीच दवंडी

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी सपत्नीक घरी आला. पोहे झाले, चहा झाला, पाऊसपाण्याच्या गप्पाही झाल्या; तरी स्वारी उठेना. तेव्हाच मी ओळखले, की पिशवीत काहीतरी आहे! शेवटी ते बाहेर निघाले. चारशे पानांची अद्भुत कादंबरी! कोकणच्या समुद्रात बुडालेले राज्य, बोलणारा गरुड आणि शापित राजकन्या. दोन प्रकाशकांनी ‘अशा पुस्तकांना उठाव नाही’ म्हणून ती परत केली होती.

“सर, आता मीच छापतो. हजार प्रती. दीड लाख साठलेत.”

ते दीड लाख नव्या जागेच्या अनामत रकमेसाठी साठवलेले होते, हे त्याच्या पत्नीने स्वयंपाकघरात आमच्या सौ.ला हळूच सांगितले होते.

वाचकहो, या बाबतीत सल्ला देण्याचा माझा अधिकार मोठा आहे. कारण मी स्वतः त्यात पुरता बुडालेलो आहे. बारा वर्षांपूर्वी मी स्वखर्चाने एक कथासंग्रह काढला. पाचशे प्रती. त्यांतल्या साडेतीनशे आजही आमच्या पलंगाखाली आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईत सौ. ते गठ्ठे बाहेर काढते, झटकते आणि पुन्हा आत ढकलते. पुस्तक वाईट होते म्हणून खपले नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही; ते फारसे कुणी वाचलेच नाही! मी कुणाला ‘घ्या’ असे म्हटलेच नव्हते. सरस्वतीच्या उपासकाने बाजारात कशाला ओरडावे, ही माझी ऐट.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला क्रिस्टोफर पाओलिनीची हकिकत सांगितली. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातला हा मुलगा. पंधराव्या वर्षी त्याने ‘एरागॉन’ ही ड्रॅगनची कादंबरी लिहायला घेतली. २००२ साली घरच्यांनीच ती छापून काढली. आईवडील त्याच कामाला जुंपले. मुखपृष्ठाचे चित्र मुलाने स्वतः काढले. आणि मग? मग हा पोरगा मध्ययुगीन सरदारी पोशाख अंगावर चढवून शाळाशाळांतून, ग्रंथालयांतून उभा राहू लागला. असे शंभरावर कार्यक्रम त्याने केले. लोक हसले असतील; पण थांबलेही असतील. त्या उन्हाळ्यात कार्ल हायासेन या प्रसिद्ध लेखकाच्या सावत्र मुलाच्या हाती ते पुस्तक पडले. त्याला ते आवडले, हायासेनने आपल्या प्रकाशकाला कळवले आणि २००३ साली ‘एरागॉन’ एका मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून निघाली. त्या मुलाचे नशीब खरेच. पण पुस्तक दुकानात होते म्हणून नशिबाला ते सापडले!

दूर कशाला, मुंबईचेच उदाहरण घ्या. अमीश त्रिपाठी हे वित्तव्यवसायातले गृहस्थ. शिवाच्या कथेवरची त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी वीसेक प्रकाशकांनी नाकारली. २०१० साली त्यांच्या लेखन-प्रतिनिधीनेच छपाई अंगावर घेतली आणि जाहिरातीचा भार लेखकाने उचलला. त्यांनी पहिले प्रकरण वेगळे छापले आणि पुस्तकांच्या दुकानांत ते गिऱ्हाइकांना फुकट मिळेल अशी व्यवस्था केली. मिठाईवाला तुकडा हातावर ठेवतो ना, तसेच! अद्भुत कादंबरीला तर याची फारच गरज. अनोळखी राज्यात चारशे पाने कोण उगाच चालत जाईल? वेशीपर्यंत तरी कुणी हात धरून न्यायला हवे.

“पण सर, सँडरसनने २०२२ साली चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडूनच चार कोटी डॉलरांवर जमवले!” विद्यार्थी उसळून म्हणाला.

“जमवले. पण त्याची पहिली कादंबरी २००५ सालची. सतरा वर्षे त्याने वाचक जोडले. तू पीक पाहतोस, नांगरणी पाहत नाहीस.”

मग आम्ही कागद घेऊन हिशेबाला बसलो. हल्ली मागणीप्रमाणे छपाई होते. शंभर प्रतीही काढता येतात. दर प्रतीला खर्च जास्त पडतो, पण पलंगाखालची जागा मोकळी राहते! पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकारी खात्यातून विनामूल्य मिळतो. काटकसर करायची ती प्रतींच्या संख्येत. संपादन, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांत नव्हे. विक्रेत्याचे कमिशन आधीच किमतीत धरायचे. आणि पहिल्या प्रकरणाचा सोळा पानी फर्मा वेगळा काढून वाटायचा. हिशेब दीड लाखाच्या पाव हिश्शात बसला. इतका वेळ गप्प बसलेली त्याची पत्नी तेव्हा प्रथमच बोलली, “सर, हिशेबाची वही मी ठेवीन.”

मराठीला अद्भुताचे वावडे नाही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. आपली कादंबरी बाळपणापासूनच अद्भुतात रमली होती. वावडे आहे ते लेखकाने स्वतःचे पुस्तक हाती घेऊन उभे राहण्याचे. आत्मप्रौढी वेगळी आणि आमंत्रण वेगळे. ‘मी थोर आहे’ म्हणणे ही आत्मप्रौढी; ‘एक प्रकरण वाचून पाहा’ म्हणणे हे आमंत्रण. हा भेद मला बारा वर्षे कळला नाही.

यंदाच्या गणेशोत्सवात त्या जोडप्याने मंडपाशेजारी एक टेबल मांडले. आरती झाली की तो मुलांना पहिले प्रकरण वाचून दाखवी आणि गरुड कड्यावरून झेपावला की पुस्तक मिटी. दहा दिवसांत एकतीस प्रती गेल्या. खर्च अजून भरून निघालेला नाही. वहीत तसे स्पष्ट लिहिले आहे. पण नव्या जागेचे पैसे शाबूत आहेत, आणि जिन्यात मुले त्याला अडवून विचारतात, “काका, गरुडाचे पुढे काय झाले?”

परवा सौ.ने नेहमीप्रमाणे पलंगाखालचे गठ्ठे बाहेर काढले. या वेळी मी त्यांतल्या दहा प्रती बाजूला ठेवल्या. सुट्टीनंतर कॉलेज उघडले, की अध्यापक-कक्षात जाऊन ‘घ्या’ म्हणायचे आहे. जीभ रेटते का, बघू या!