चंद्राला अंधार लागत नाही

मुंबईचे आकाशवेडे कर्जतची लोकल पकडतात ती अमावास्या साधून. खगोल मंडळाची रात्रभराची आकाशदर्शनं वांगणी-नेरळच्या टापूत वर्षानुवर्षं झाली, ती तिथल्या काळोखासाठी. पण कॅमेरा चंद्रावर किंवा गुरूवर रोखायचा असेल, तर काळोखाचा हट्ट सोडा. दोघेही इतके तेजस्वी, की खालापूर टोलनाक्याच्या झगमगाटातूनही फोटो येतो.

पहिला फोटो मात्र बहुतेकांचा सारखाच असतो: काळ्या तव्यावर पांढरी भाकरी. 'ऑटो'वरचा कॅमेरा भोवतालचं काळं आभाळ बघून भरमसाठ प्रकाश आत घेतो. चंद्रावर तर लख्ख ऊन पडलेलं असतं! तिथली जमीन डांबरी रस्त्यासारखी काळपट, जेमतेम 12 टक्के प्रकाश परतवणारी. म्हणून आकडे दिवसाउजेडाचेच लावायचे: आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ/11, शटर सेकंदाचा शंभरावा भाग. हे पौर्णिमेला. अष्टमीला प्रकाश साधारण चौपट घ्यावा.

आणि खरं तर फोटो अष्टमीलाच काढावा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, विवरं सपाट होतात. शुक्ल अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांबतात. एक-दोन दिवसांत 93 किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर उजाडतं. शिवाय हा चंद्र सूर्यास्तालाच उंचावर असतो. पौर्णिमेच्या चंद्राला कर्जतमध्ये आधी सह्याद्रीची रांग ओलांडावी लागते.

पत्र्यावरून किंवा स्लॅबवरून नेम धरू नका. दिवसभर तापलेलं छप्पर रात्री ऊब सोडतं आणि चंद्राची कड पाण्यात पडल्यासारखी लहरते. भाताचं मोकळं शेत बरं; फक्त हिवाळ्यात लेन्सवर दव धरतं, मऊ फडकं जवळ असू द्या.

300 मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर चंद्र तीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. गुरू त्याच्याही चाळिसाव्या भागाएवढा. पट्टे विसरा. शनी तर तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसला तरी खूप. पण ट्रायपॉडवर अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं, की गुरूचा पांढरा ठिपका होतो आणि शेजारी गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिलेले चंद्र उमटतात. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्याने रेघा पडतात.

दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा फोटो घ्या. गुरूच्या त्या चंद्रांतला सर्वांत आतला आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत फेरी पुरी करतो. आज गुरूच्या एका बाजूला दूर असलेला आयो उद्या दुसऱ्या बाजूला सापडेल.