कागद, काच, पत्रा : जिन्यापासून वजनकाट्यापर्यंत

पुण्यातल्या लाखो घरांचा कचरा दारातून उचलतात त्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद. सभासदांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकजणी पूर्वी कचराकुंड्यांमधून भंगार वेचून पोट भरत होत्या. आज त्या महापालिकेच्या नोकर नाहीत, कोणा ठेकेदाराच्या मजूरही नाहीत. ज्या संस्थेसाठी राबतात तिच्या त्या स्वतःच मालक आहेत. ही व्यवस्था कशाच्या जोरावर चालते हे कळायला आधी एखाद्या इमारतीचा जिना चढावा लागतो.

सकाळचे साडेसात. चार मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही. कचरा नेणारी जोडी दोघींची असते. एक जण थेट वरच्या मजल्यावर जाऊन उतरत उतरत डबे रिकामे करते, दुसरी खाली ढकलगाडीपाशी थांबून आलेला माल निवडत राहते. वर जाणारीच्या एका हातात ओल्याची बादली, दुसऱ्या हातात सुक्याचे पोते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका डब्यात चहाचा चोथा, मेथीच्या काड्या, रात्रीचा उरलेला भात, आणि या सगळ्याच्या तळाशी दुधाची पिशवी. ती दोन बोटांनी ओढून काढली जाते, भिंतीपासून लांब धरून झटकली जाते आणि पोत्यात जाते. तेवढ्यात दार उघडते.

“काकू, दुधाची पिशवी विसळून सुक्यात टाकत जा ना. ओल्यात गेली की वास मारती, मग भाव मिळत नाही.”

“अगं, काल घाईत राहिलं. उद्यापासून नक्की.”

असे बोलणे महिनोन्‌महिने चालते आणि त्यातूनच हळूहळू एकेक घर सुधारते. भित्तिपत्रकांनी जे साधत नाही ते रोज दारात येणारी ओळखीची बाई साधते. ओला-सुका वेगळा करण्याची सवय शहरात जिथे रुजली आहे, तिथे ती बरीचशी अशीच रुजली. काही घरांत आता दुधाची पिशवी कापतानाही कोपरा पुरता तोडत नाहीत, लटकता ठेवतात. कारण तुटून पडलेला तो नखाएवढा तुकडा ओल्या कचऱ्यात जातो आणि पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही.

खरे कसब मात्र खालच्या निवडीत आहे. पुठ्ठा वेगळा, वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, वहीचा पांढरा कागद वेगळा. अख्खी बाटली एका बाजूला, फुटकी काच दुसऱ्या. पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवून काढतात, कारण बाटली आणि झाकण ही दोन निराळ्या जातीची प्लास्टिके आहेत आणि त्यांचे भावही निराळे. पिशवीचे प्लास्टिक कोणते हे मुठीत चुरगाळून आवाजावरून ओळखले जाते. कडकड वाजले तर एका पोत्यात, मऊ राहिले तर दुसऱ्यात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात जे वर्गीकरण लांबलचक नावांनी येते, ते इथे बोटांना आणि कानांना पाठ आहे. पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो. ओल्या पुठ्ठ्याचे वजन वाढते, पण भंगारवाला त्याहून जास्त भाव पाडतो. म्हणून जून उजाडला की ढकलगाडीवर ताडपत्रीचा तुकडा बांधलेला दिसतो.

हे काम पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते करणारे बहुतेक लोक दलित समाजातले. १९७२च्या दुष्काळात गावे सुटली आणि शहरात दुसरे काम मिळाले नाही, तेव्हा अनेक कुटुंबे कचराकुंडीपाशी आली. भल्या पहाटे निघायचे, कुंडीत उकरायचे, कुत्र्यांपासून आणि पोलिसांपासून अंग वाचवायचे. कुठे चोरी झाली की पहिला संशय पाठीवर पोते असलेल्या बाईवर.

बदलाची सुरुवात नव्वदच्या दशकारंभी झाली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाचे कार्यकर्ते साक्षरतेच्या कामासाठी वस्त्यांमध्ये जात होते. त्यांत लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने होत्या. कचरा वेचणाऱ्या बायका आणि त्यांची मुले दिवसभर काय करतात हे जवळून पाहिल्यावर त्यांना एक साधी गोष्ट लक्षात आली. हाच माल कुंडीत मिसळण्यापूर्वी घरातूनच वेगळा मिळाला, तर कमाई वाढते, वेळ वाचतो आणि हात कापत नाहीत. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांची परिषद झाली आणि तिच्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. हमालांना संघटित करणाऱ्या बाबांनी कचरावेचकांनाही दया नव्हे, कामगार म्हणून मान्यता मागायला शिकवले. संघटनेचे नाव तर भंगाराच्या दुकानातल्या ढिगांवरूनच घेतलेले आहे.

पहिले फळ म्हणजे ओळखपत्र. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्राला मान्यता दिली. फोटो असलेल्या त्या कार्डाने काय केले हे कमाईच्या आकड्यात मोजता येत नाही. पोलिसाने हटकले तर पदराआडून काढून दाखवायला काहीतरी हाती आले.

पुढे २००१ साली संघटनेच्या कार्यकर्त्यांनीच शहरातल्या भंगार व्यवसायाचा बारकाईने अभ्यास केला. एकेक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपये किमतीचे श्रम महापालिकेला फुकट देते, असा हिशेब त्यातून निघाला. ती जेवढा माल उचलते तेवढा वाहण्याचा आणि पुरण्याचा पालिकेचा खर्च वाचतो, हा त्यामागचा विचार. हा आकडा लहान दिसतो, पण त्याने वादाची बाजूच पालटली. तोवर कचरावेचक मागणारी होती. आता ती शहराची घेणेकरी ठरली. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत पुणे महापालिकेने कचरावेचकांचा आरोग्यविमा उतरवायला सुरुवात केली.

याच काळात कायदाही बदलत होता. २०००च्या घनकचरा नियमांनी शहरांवर दारोदार कचरा गोळा करण्याचे आणि वर्गीकरणाचे बंधन घातले. कचरावेचकांसाठी ही संधी होती आणि धोकाही. दारातूनच कचरा ठेकेदाराच्या गाडीत गेला तर कुंडी संपणार आणि कुंडीबरोबर पोटही. संघटनेने पालिकेपुढे उलट प्रस्ताव ठेवला : दारातून कचरा उचलायचाच असेल तर तो आम्ही उचलू. २००५च्या सुमारास प्रयोग झाला, आणि २००८ साली महापालिकेने ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी करार केला.

कराराचे गणित समजून घेण्यासारखे आहे. सभासदाची कमाई दोन ठिकाणांहून येते. प्रत्येक घर दरमहा सेवाशुल्क देते. ते थेट काम करणारीच्या हाती पडते. सुक्या कचऱ्यातला विकण्याजोगा मालही तिचाच. महापालिका तिला पगार देत नाही. पालिका संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च उचलते आणि ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे, गणवेश पुरवण्याची जबाबदारी घेते. वस्त्यांमध्ये शुल्क कमी असते, तिथे पालिकेच्या अनुदानाचा आधार लागतो. राहिलेला ओला कचरा ठरलेल्या ठिकाणी पालिकेच्या गाडीत जातो, किंवा सोसायटीच्या आवारातच खतासाठी जिरवला जातो. ते खत करण्याचे कामही अनेक ठिकाणी सभासदच करतात.

या सगळ्यात कळीचा शब्द ‘मालकी’ हा आहे. ठेकेदाराला सहसा टनावर पैसे मिळतात. गाडी जितकी जड, तितके त्याचे बिल मोठे. गाडीतला पुठ्ठा आणि बाटल्या निवडून काढण्यात त्याला रस नसतो, उलट वजन घटले तर त्याचे नुकसान. जोडीने काम करणाऱ्या बाईचे गणित नेमके उलटे आहे. तिला पैसे घरांवर मिळतात आणि निवडलेल्या मालावर मिळतात. गाडीत टाकायला जितके कमी उरेल, तितका तिचा दिवस चांगला गेला. शहरालाही हेच हवे असते, कारण पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला, तिथल्या विहिरी नासल्या आणि गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. कचरा व्यवस्थापनाचा खर्च, गावकऱ्यांचे पाणी आणि एका बाईची चूल या तिन्हींचे हित एकाच दिशेला वळवणाऱ्या व्यवस्था फार थोड्या असतात. ‘सामाजिक जबाबदारी’ हा शब्द उद्योगजगतात नफ्यातून बाजूला काढलेल्या दानासाठी वापरला जातो. इथे ती जबाबदारी धंद्याच्या हिशेबातच विणलेली आहे, आणि म्हणून ती टिकली आहे.

पण प्रत्येक गोष्टीला भाव नसतो, आणि जिथे भाव नाही तिथे ओझे सगळे हातांवर येते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर हे त्यातले सर्वांत त्रासाचे. उघड्यावर, ओल्यात मिसळून आलेले पॅड हाताने बाजूला काढावे लागते, त्यातून रोग होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे अपमान होतो. म्हणून सभासदांनी घरोघरी विनंती केली : कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. आता निवडताना लाल ठिपक्याची पुडी दिसली की ती न उघडता बाजूला ठेवली जाते. शाईचा तो ठिपका काढायला घरातल्या माणसाला दोन सेकंद लागतात. २०१६च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकण्यासाठी वेष्टन पुरवण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठी कचरावेचकांच्या संघटनांनी वापरलेले पॅड कंपन्यांकडे परत पाठवण्यापर्यंत मजल मारली होती. त्याच नियमांनी कचरावेचकांना कचरा व्यवस्थेचा भाग म्हणून मान्यता दिली.

दुसरी अडचण बिस्किटे आणि चिप्सच्या पुड्यांची. त्यांत प्लास्टिक आणि चकचकीत धातूचा थर एकमेकांना चिकटवलेला असतो. तो सुटा करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्या पुड्या घेतच नाही. रस्त्यावर आणि नाल्यात सर्वांत जास्त त्याच दिसतात याचे कारण हेच. पुडी बनवणाऱ्याने ती गोळा करण्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व प्लास्टिकच्या नियमांत आले आहे. जिथे कंपन्यांनी खरोखर पैसे देऊन या पुड्या विकत घेतल्या, तिथे त्या पोत्यांत भरून येऊ लागल्या. जिथे दिले नाहीत, तिथे त्या अजून ओल्या कचऱ्याबरोबर जातात.

व्यवस्थेची कमकुवत बाजूही तितकीच स्पष्ट आहे. शुल्क गोळा करणे हे रोजचे दुखणे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हीच बाई वही घेऊन दार वाजवते आणि “साहेब घरी नाहीत”, “सुट्टे नाहीत” ऐकून परतते. भंगाराचा भाव बाजारावर हेलकावतो. तो पडला की अर्धी कमाई गेली. करारांची मुदत संपते, नवा करार व्हायला उशीर होतो, काही महिन्यांच्या मुदतवाढीवर काम रेटावे लागते, आणि दर वेळी मोठ्या गाड्यांचा ठेका देण्याची चर्चा पुन्हा निघते. २०१७ आणि २०२१ साली शहरात अनेक गावे नव्याने आली, तिथे दारोदार सेवा पोचवताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला : गाडी, की माणूस?

आणि निवडायला जागा नाही, हा सर्वांत जुना प्रश्न. बहुतेक निवड अजून फुटपाथच्या कडेला, पुलाखाली, एखाद्या भिंतीच्या सावलीत होते. जिथे पत्र्याची शेड मिळाली आहे, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. माल भिजत नाही, पोती रात्रभर सुरक्षित राहतात, बसायला लाकडी पाट असतो, हात धुवायला नळ. दोन-चार दिवसांचा माल साठवून एकदम विकता येतो, त्यामुळे भावात घासाघीस करता येते.

दुपारी दीडच्या सुमारास जोडी भंगाराच्या दुकानात पोचते. पोती एकेक करून काट्यावर चढतात. दुकानदार वजन मोठ्याने म्हणतो, जोडीतली एक जण ते वहीत लिहिते, दुसरी काट्याच्या आकड्यावर नजर ठेवून उभी राहते. रद्दी, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा. पैसे मोजून दोन सारखे वाटे होतात. विसळून आलेल्या पिशव्यांचे पोते वेगळे बांधलेले असते, आणि त्याला वरचा भाव मिळतो.