रिटायर झाल्यावर बघू?

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत कैलास-मानसरोवरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आधी पोरांचं मार्गी लागू दे, मग रिटायर झाल्यावर निवांत जाऊ.’ त्यात खोटं काही नाही. मुलांची फी, घराचे हप्ते, आई-वडिलांचं आजारपण कुणाला चुकलंय? पण रेल्वेत आणि बँकेत नोकऱ्या केलेल्या या गावांत निवृत्तीची तारीख पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. स्वप्नाला मात्र तारीखच नसते.

यात्रेला ती आहे. परराष्ट्र मंत्रालयामार्फत जायचं तर त्या वर्षीच्या १ जानेवारीला वय सत्तरच्या वर नको आणि बीएमआय २५च्या आत हवा. सोडतीत नाव लागलं तरी वैद्यकीय तपासणीत उतरावं लागतं. परिक्रमेतली डोल्मा खिंड साडेपाच हजार मीटरहून उंच आहे. त्यात २०२० ते २०२४ ही यात्रा बंदच राहिली. २०२०च्या आरंभी ज्यांना सहासष्ट पूर्ण होती, ते २०२५मध्ये यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा वयाच्या अटीत बसेनासे झाले.

शरीराचाही हिशेब आहे. तिशीनंतर प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के घटते. बैठं काम असेल तर स्नायूही लवकर झिजतात. मात्र ही घसरण बरीचशी रोखता येते. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नव्वदीच्या वृद्धांनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जपानचे युइचिरो मिउरा २०१३मध्ये ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांची तयारी म्हणजे पायांना वजनं बांधून आणि पाठीवर ओझं घेऊन रोजचं चालणं.

तेव्हा मनातल्या इच्छांचे दोन भाग करा. ज्यांना फक्त पैसा लागतो, त्या थांबू शकतात. युरोपची सहल पंचाहत्तरीतही होईल. ज्यांना गुडघे आणि छाती लागते, त्या आधी. पन्नाशीत असाल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या, पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक पाठीवर टाकून हुबळीतली नृपतुंग बेट्ट ही टेकडी चढायला लागा, पासपोर्ट काढून ठेवा आणि पुढचे अर्ज निघतील तेव्हा पहिल्याच आठवड्यात भरा. निवृत्तीची वाट पाहू नका.