पाणी चढतं, मग घर उभं राहतं

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम १८ सेंटिमीटर. त्याच फिनिक्सच्या उपनगरांत, घराच्या मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावातून वर्षभरात जवळजवळ दोन मीटर पाणी वाफ होऊन उडून जातं. आभाळ जेवढं देतं त्याच्या दहापट परत घेतं! तरीही चँडलर, गिल्बर्ट, पिओरिया या गावांवरून विमान उतरू लागलं की खाली निळ्या चौकोनांची रांगोळी दिसते. इंटेलचे कारखाने आणि त्यांच्याभोवतीचे रोजगार यांच्यामागे आलेली मराठी कुटुंबंही चँडलरमध्ये आहेत. कॅलिफोर्नियाच्या मानानं घर स्वस्त, राज्याचा प्राप्तिकर सरसकट अडीच टक्के. हिशोब मांडायला बसलं तर मोह पडावा असाच. पण वाळवंटातल्या राहणीमानाचा खरा खर्च घराच्या किमतीत दिसत नाही. तो पाण्यात आणि थंडाव्यात मुरलेला असतो.

आधी पाण्याचं बघू, कारण ते अचाट आहे. कोलोरॅडो नदी ॲरिझोनाच्या पश्चिम सीमेवरून वाहते आणि फिनिक्स तिच्यापासून फार दूर, शिवाय नदीहून उंचावर. म्हणून ५४१ किलोमीटर लांबीचा कालवा खणला. काम १९७३ मध्ये सुरू झालं, संपायला वीस वर्षं लागली, खर्च चार अब्ज डॉलरच्या वर गेला. हे पाणी उताराने येत नाही. पहिलंच पंपगृह ते अडीचशे मीटर वर ढकलतं आणि डोंगरातल्या बोगद्यात सोडतं. टूसॉनपर्यंत जाईस्तोवर एकूण चढाई होते सुमारे ८८० मीटर. अख्खं माथेरान चढून वर थोडं उरेल इतकी, आणि चढणारी एक नदी! ॲरिझोनात विजेचा सर्वांत मोठा एकटा ग्राहक म्हणजे हा कालवा.

ती वीज कित्येक दशकं आली नवाहो आदिवासींच्या भूमीवरच्या कोळशाच्या केंद्रातून. २०१९ मध्ये ते बंद झालं. त्याच भूमीवर हजारो घरांत नळ नव्हता. लोक पिंपं भरून गाडीतून पाणी आणत, अजूनही आणतात. कोळसा जाळून पाणी चढवायचं ते शेकडो किलोमीटर दूरच्या हिरवळीसाठी, आणि कोळशाशेजारी राहणाऱ्यांनी पिंप वाहायचं. उपनगरातल्या पाण्याच्या बिलावर या गोष्टीची ओळ नसते, म्हणूनच ते बिल इतकं कमी येतं.

थंडाव्याचं बिल मात्र घरातच येतं. जून २०२३ च्या अखेरीपासून फिनिक्सचा पारा सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या पुढे गेला. रात्रीही सुटका नाही, कारण डांबर आणि काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता पहाटेपर्यंत सोडत राहतात. उन्हाळ्यात ‘थंड’ नळातूनसुद्धा कोमट पाणी येतं. गाडीची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. मोठ्या वीजकंपनीच्या दरपत्रकात कामाच्या दिवशी दुपारी चार ते सात हा महागडा काळ, म्हणून जाणती घरं त्याआधीच खोल्या गारठवून ठेवतात आणि त्या तीन तासांत यंत्राला जमेल तेवढं गप्प बसवतात. घड्याळ पाहून गारवा साठवायचा!

घड्याळाचीही इथली तऱ्हा न्यारी. बहुतेक अमेरिका उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करते, म्हणजे सूर्य उशिरा मावळतो. बहुतांश ॲरिझोनानं १९६८ पासून ते नाकारलं. उजेडाची हौस कुणाला? सूर्य लवकर टळलेला बरा.

वीज तुटली तर काय होतं तेही या राज्यानं पाहिलं आहे. २०१८ मध्ये सन सिटी वेस्ट या निवृत्तांच्या उपनगरात एका वृद्धेची वीज तोडली गेली; थकबाकी ५१ डॉलर. उष्म्यानं तिचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी नियामकांनी उन्हाळ्यात वीज तोडायला मनाई केली. तरीही २०२३ मध्ये फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उष्म्याशी निगडित ६४५ मृत्यू नोंदले गेले. एरवी आपण ज्याला चैन म्हणू, ते थंडाव्याचं यंत्र इथे श्वासासारखं लागतं.

आता पाण्याच्या कायद्यातली गंमत. फिनिक्सच्या परिसरात सहा किंवा अधिक भूखंडांची वसाहत करायची तर शंभर वर्षं पुरेल एवढ्या पाण्याची खात्री दाखवावी लागते. नियम उत्तमच. मग काहींनी जमीन पाच-पाच तुकड्यांत विकली! रिओ व्हर्डे फूटहिल्स या वस्तीतली बरीच घरं अशीच उभी राहिली. शेकडो कुटुंबं टँकरवर, आणि टँकर भरायचे शेजारच्या स्कॉट्सडेल शहराच्या तोटीवर. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेलनं, आमचंच पुरत नाही म्हणून, ती तोटी बंद केली. टँकर लांबून येऊ लागले, पाण्याचा खर्च भडकला. ऐसपैस बंगल्यांतली माणसं कागदी ताटल्यांत जेवू लागली आणि पावसाचं पाणी शौचालयासाठी साठवू लागली. तात्पुरती सोय व्हायला शरद ऋतू उजाडला.

त्याच वर्षी जूनमध्ये राज्यानं जाहीर केलं की फिनिक्सभोवती केवळ भूजलावर विसंबलेल्या नव्या वसाहतींना मंजुरी नाही. मग वाढत्या गावांनी पाणी शोधायचं कुठे? क्वीन क्रीक या उपनगरानं वाट काढली: कोलोरॅडोकाठच्या सिबोला इथल्या शेतजमिनीचा पाण्याचा हक्कच विकत घेतला. वर्षाला सुमारे अडीच अब्ज लिटर, किंमत अंदाजे २ कोटी ४० लाख डॉलर. नदीकाठच्या काउंट्या कोर्टात गेल्या. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी या व्यवहाराच्या पर्यावरणीय परिणामांची अधिक कसून तपासणी करायला सांगितलं. तोवर ते पाणी कालवा चढून क्वीन क्रीकला पोहोचायला लागलं होतं.