वाहनचोरीला शिक्षा किती? ‘कडक कायदा करा’ म्हणण्याआधी हे समजून घ्या

आठवडे बाजारात लावलेली दुचाकी तासाभरात गायब, ही बातमी जळगाव-धुळ्याच्या वाचकांना नवी नाही. अशा प्रत्येक चोरीनंतर एक मागणी हमखास होते: राज्याने वाहनचोरांसाठी वेगळा, कडक कायदा करावा. पण आत्ताचा कायदा खरंच मवाळ आहे का?

सध्या शिक्षा किती?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात चोरीच्या शिक्षेचे टप्पे असे:

• कलम ३०३(२), साधी चोरी: ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुन्हा दोषी ठरल्यास १ ते ५ वर्षे सक्तमजुरी. दुचाकी चोरीत बहुतेकदा हेच कलम लागते.
• कलम ३०५, माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनाची चोरी: ७ वर्षांपर्यंत.
• कलम ११२, टोळीने केलेली चोरी: १ ते ७ वर्षे.
• कलम १११, संघटित गुन्हेगारी: किमान ५ वर्षे ते जन्मठेप आणि किमान ५ लाख रुपये दंड. या कलमात वाहनचोरीचा थेट उल्लेख आहे. मात्र मागील १० वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रे दाखल असावी लागतात.

म्हणजे सराईत टोळीसाठी जन्मठेपेपर्यंतची तरतूद आजही आहे.

राज्य शिक्षा वाढवू शकते का?

हो. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. पण राज्याची दुरुस्ती केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल, तर घटनेच्या कलम २५४(२) नुसार राष्ट्रपतींची मंजुरी लागते. महिला अत्याचारांविरोधातले शक्ती विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केले, पण ही मंजुरी न मिळाल्याने ते लागू झालेच नाही.

मग अडचण कुठे?

शिक्षा चोर सापडल्यावर होते. धुळ्याहून शिरपूरमार्गे सेंधवा, साक्री-नवापूरमार्गे गुजरात, रावेरहून बऱ्हाणपूर. खान्देशातून राज्याची हद्द ओलांडायला फार वेळ लागत नाही. गाडी पलीकडे गेली की तपास दोन राज्यांच्या पोलिसांचा होतो. चोर सापडलाच नाही, तर गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात म्हणून ‘अ समरी’ अहवाल कोर्टात जातो. तिथे शिक्षा ३ वर्षे असो की १०, फरक पडत नाही.

कागदपत्रांशिवाय स्वस्त गाडी घेताय?

सावध. चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना गाडी घेतली, तर कलम ३१७(२) नुसार घेणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा व्यवहार नेहमीचाच असेल तर जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत. आरसी बुक, चेसिस आणि इंजिन नंबर जुळवा. ‘एम-परिवहन’ ॲपवर नंबर टाकून गाडीची नोंद तपासा.

गाडी चोरीला गेली तर?

१. लगेच एफआयआर करा. हद्दीचा वाद न घालता कोणत्याही ठाण्याला ‘झिरो एफआयआर’ नोंदवावा लागतो. ऑनलाइन तक्रार दिल्यास ३ दिवसांत सही करावी लागते.

२. विमा कंपनीला कळवा. एफआयआर वेळेत असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर चोरीची भरपाई मिळत नाही.

३. गाडी सापडली की ‘सुपूर्दनाम्या’वर ताबा मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करा. जप्त वाहने ठाण्यात सडत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे.

थोडक्यात, कलमे कमी नाहीत. नव्या कायद्याची मागणी करताना एक प्रश्न आधी विचारायला हवा: आपल्या ठाण्यात गेल्या वर्षी किती गाड्या चोरीला गेल्या आणि त्यातल्या किती परत मिळाल्या? माहिती अधिकाराचा एक अर्ज केला, तर याचे उत्तर मागता येते.